हवाई बेटांवर घर घेताना : कोणता उतार, किती उंची, कोणाची जमीन

हवाईत घर घ्यावे असे ज्यांच्या मनात येते त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : कोणत्या बेटावर? प्रश्न स्वाभाविक आहे, पण तिथून सुरुवात केली की पुढची बरीच गणिते चुकतात. ओआहू आणि काउआई या दोन बेटांत जेवढा फरक आहे त्याहून मोठा फरक एकाच बेटाच्या दोन बाजूंत असतो, आणि तो हवामानापुरता राहत नाही. पाणी, वीज, विमा, रस्ता, भिंतींना येणारी बुरशी आणि रात्रीची झोप इथपर्यंत तो पोहोचतो. म्हणून या लेखात बेटांची तुलना शेवटी आणि थोडक्यात येईल. आधी उतार, उंची, पायाखालची जमीन आणि त्या जमिनीवरचा हक्क यांचा विचार करू.

मुख्य बेटे आठ आहेत, पण घर शोधणाऱ्यासाठी ती आठ नाहीत. काहोओलावेवर कायमची वस्ती नाही, नीहाऊ १८६४ पासून एकाच कुटुंबाच्या मालकीचे आहे आणि लानाईचा ९८ टक्के भाग २०१२ मध्ये उद्योजक लॅरी एलिसन यांनी विकत घेतला. मोलोकाई लहान आहे आणि तिथे विक्रीला येणारी घरे मोजकीच असतात. उरतात ओआहू, माउई, काउआई आणि हवाई नावाचेच बेट, ज्याला राज्याच्या नावाशी गोंधळ होऊ नये म्हणून सगळे ‘बिग आयलंड’ म्हणतात. ही बेटे समुद्रतळाखालच्या एका तप्त बिंदूवर तयार झाली आणि पॅसिफिक भूपट्टाबरोबर वायव्येकडे सरकत गेली. त्यामुळे वायव्येचे काउआई सुमारे ५० लाख वर्षांचे, झिजलेले, खोल मातीचे आहे, तर आग्नेयेचे बिग आयलंड दहा लाख वर्षांचेही नाही आणि त्याचे बांधकाम अजून चालूच आहे. हा वयाचा फरक पुढे वारंवार कामी येईल.

वाऱ्याची बाजू

हवाईत वर्षातील बहुतेक दिवस ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात. समुद्रावरून ओलावा घेऊन आलेला हा वारा डोंगराला धडकतो, वर चढतो, थंड होतो आणि तिथेच पाऊस टाकून मोकळा होतो. पलीकडे उतरताना त्याच्याजवळ देण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. पर्जन्यछाया हा शब्द आपण शाळेच्या भूगोलात शिकतो. हवाईत तो विजेच्या बिलात आणि विम्याच्या हप्त्यात भेटतो.

फरक किती टोकाचा आहे हे आकड्यांशिवाय पटत नाही. बिग आयलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हिलो शहरात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर त्याच बेटाच्या वायव्य किनाऱ्यावरील कावाइहाए परिसरात २५० मिलिमीटरच्या आसपास. सरळ रेषेत दोहोंमध्ये १०० किलोमीटरही अंतर नाही. काउआईच्या मध्यावरील वायआलेआले शिखर जगातील अतिपावसाच्या ठिकाणांपैकी एक मानले जाते, आणि तिथून २५ किलोमीटरवरचे केकाहा हे गाव ५०० मिलिमीटरच्या आसपास पावसावर राहते. होनोलुलू शहराच्या आत तर हा खेळ आणखी जवळून दिसतो : मानोआ खोऱ्याच्या तोंडाशी ऊन असते, खोऱ्याच्या टोकाशी वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि सात-आठ किलोमीटरवर वाइकीकीच्या वाळूवर पर्यटक कोरडे बसलेले असतात.

ओली बाजू घेतली तर वातानुकूलनाची गरज बहुधा पडत नाही, बाग स्वतःहून वाढते आणि कपाटातले चामड्याचे बूट दोन आठवड्यांत हिरवे होतात. गवत कापणे हा तिथे छंद न राहता दरमहाचा खर्च होतो. कोरडी बाजू घेतली तर भिंती आणि फर्निचर टिकते, आकाश निळे असते, पण दुपारी घर तापते, आणि हवाईतील वीज अमेरिकेच्या सरासरी दराच्या दुपटीहून बरीच महाग असल्यामुळे तो ताप बिलावर उमटतो. प्रत्येक बेटाचे वीजजाळे स्वतंत्र आहे. एका बेटावरची जादा वीज दुसऱ्याला देता येत नाही. म्हणूनच छतावरच्या सौर पट्ट्या इथे हौसेची गोष्ट नाही, आणि घर पाहताना छप्पर कोणत्या दिशेला उतरते व त्यावर किती तास ढग असतो हे विचारणे अगदी व्यवहाराचे आहे.

या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद बिग आयलंडच्या पश्चिमेकडील कोना किनाऱ्याचा आहे. मौना लोआ आणि हुआलालाई हे पर्वत एवढे उंच आणि रुंद आहेत की व्यापारी वारा त्यांना ओलांडतच नाही. त्यामुळे कोनात समुद्र आणि जमीन यांच्यातील स्थानिक वाऱ्यांचे राज्य चालते, उन्हाळ्यात दुपारी उतारावर ढग जमतात आणि पाऊस पडतो. कोनाची कॉफी पिकते ती याच पट्ट्यात. त्याच गावात समुद्रालगत घर घेतले तर निवडुंग, आणि तीनचारशे मीटर वर घेतले तर कॉफी. हिवाळ्यात मात्र अधूनमधून वारा उलटा, नैर्ऋत्येकडून येतो. या ‘कोना वादळां’त कोरडी बाजूच झोडपली जाते आणि एरवी वर्षभर कोरडे असणारे ओढे काही तासांत रस्त्यावर येतात. कोरड्या बाजूचे घर पाहताना जवळून जाणारा तो निरुपद्रवी दिसणारा चर कशाचा आहे, हे म्हणूनच विचारावे.

उंची

हवाईत दिशा सांगताना लोक पूर्व-पश्चिम क्वचितच म्हणतात. ‘माउका’ म्हणजे डोंगराकडे आणि ‘माकाई’ म्हणजे समुद्राकडे, एवढ्यावर काम चालते. घर शोधणाऱ्यानेही हीच सवय लावून घ्यावी, कारण दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. बिग आयलंडवरील वाइमेआ सुमारे ८०० मीटरवर आहे आणि तिथे रात्री स्वेटर लागतो. ज्वालामुखी उद्यानाजवळचे व्हॉल्केनो गाव त्याहून उंच आहे आणि तिथल्या घरांत लाकडाच्या शेगड्या असतात. उष्ण कटिबंधात घर घेऊन शेगडी पेटवण्याची कल्पना काहींना विचित्र वाटेल, पण ज्यांना उकाडा सोसत नाही त्यांच्यासाठी माउईचे कुला किंवा वाइमेआ हे समुद्रकिनाऱ्यापेक्षा खूप शहाणपणाचे पर्याय आहेत.

पायाखाली काय आहे

बिग आयलंडवरच्या घरांच्या जाहिरातींत एक शब्द हमखास असतो : लाव्हा झोन. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने या बेटाचे नऊ विभाग पाडले आहेत. पहिला सर्वांत धोक्याचा, नववा सर्वांत सुरक्षित. पहिल्या विभागात कीलाउएआ आणि मौना लोआ या सक्रिय ज्वालामुखींची शिखरे आणि त्यांतून निघणाऱ्या भेगांचे पट्टे येतात, जिथे १८०० नंतर २५ टक्क्यांहून अधिक जमीन लाव्ह्याखाली गेली आहे. दुसऱ्या विभागात हे प्रमाण १५ ते २५ टक्के आहे. नवव्या विभागात कोहाला हा उत्तरेकडचा जुना डोंगर आहे, ज्याने गेल्या ६०,००० वर्षांत उद्रेक केलेला नाही. हा नकाशा भाकीत सांगत नाही. तो पूर्वी काय घडले ते सांगतो आणि त्यावरून शक्यता मांडतो. विभागांच्या सीमारेषाही ढोबळ आहेत, त्यामुळे रेषेच्या अलीकडे घर घेतले म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही.

नावाने पुण्याची आठवण करून देणारा पुना हा बेटाचा आग्नेय जिल्हा या बाबतीत अभ्यासण्यासारखा आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांत तिथे लाव्ह्याच्या जमिनीचे हजारो भूखंड पाडून विकले गेले. अनेक खरेदीदारांनी जागा पाहिलीही नव्हती. रस्ते खाजगी राहिले, पाण्याचे नळ बहुतेक ठिकाणी आले नाहीत, पण किमती कमी असल्याने लोक राहायला आले. १९९० मध्ये लाव्ह्याने कालापाना हे किनाऱ्यावरचे गाव गिळले. त्यानंतर विमा कंपन्यांनी हात आखडता घेतला आणि १९९१ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने ज्यांना कोणी विमा देत नाही त्यांच्यासाठी ‘हवाई प्रॉपर्टी इन्शुरन्स असोसिएशन’ ही व्यवस्था उभी केली. पुढे ३ मे २०१८ रोजी लेलानी इस्टेट्स या वसाहतीच्या रस्त्यांतच जमीन फाटली आणि त्या उन्हाळ्यात सातशेहून अधिक इमारती गेल्या. ही वसाहत पहिल्या विभागात आहे, हे नकाशावर आधीपासून लिहिलेले होते.

म्हणजे पुनात घर घेऊच नये असे नाही. तिथे आनंदाने राहणारे हजारो लोक आहेत, आणि मर्यादित पैशांत हवाईत स्वतःचे छप्पर मिळण्याची संधी फार थोड्या ठिकाणी उरली आहे. पण पहिल्या आणि दुसऱ्या विभागांत विमा महाग किंवा दुर्मीळ असतो, विमा नसेल तर बँक कर्ज देत नाही, आणि ज्या घरावर कर्ज मिळत नाही ते पुढे विकताना गिऱ्हाईकही रोख पैसेवालेच लागते. स्वस्ताई ही अशी तिन्ही बाजूंनी बांधलेली असते. माझ्या मते अशा जागेत तेवढेच पैसे घालावेत जेवढे उद्या शून्य झाले तरी संसार उघड्यावर पडणार नाही.

कोना भागाला लाव्ह्याच्या बाबतीत लोक निष्काळजीपणे सुरक्षित समजतात. हुआलालाई १८०१ मध्ये शेवटचा उद्रेकला आणि कोनाचा विमानतळ त्याच लाव्ह्यावर बांधलेला आहे; हा पर्वत चौथ्या विभागात मोडतो. शिवाय कोनाला ‘व्हॉग’ सोसावा लागतो. ज्वालामुखीतून निघणारा सल्फर डायऑक्साइड हवेत बदलून सूक्ष्म कणांचे धुके बनते, व्यापारी वारे ते बेटाला वळसा घालून कोनाकडे नेतात आणि डोंगराच्या आडोशाला ते रेंगाळते. दमा असलेल्याने कीलाउएआ सक्रिय असतानाच्या दिवसांत कोनात काही आठवडे काढून पाहिल्याशिवाय घर घेऊ नये. ओआहू आणि काउआईवर लाव्ह्याची चिंता नाही. तिथे जुन्या मातीचे वेगळे प्रश्न आहेत. चिकणमाती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि उतारावरच्या घरांच्या जोत्यांना तडे देते. भूमिगत वाळवी तर सर्वच बेटांवर आहे.

पाणी येते कुठून, जाते कुठे

पुनातील एखाद्या घरामागे जाऊन पाहिले तर पत्र्याची एक मोठी गोल टाकी दिसते, आत जाड प्लास्टिकचे अस्तर, वर जाळीचे झाकण. घराच्या पत्र्याच्या छपरावरून पन्हळीतून पावसाचे पाणी तिच्यात उतरते. शेजारी लहानशा खोपट्यात पंप, गाळणीचे दोन-तीन नळकांडे आणि अतिनील किरणांचा दिवा असतो. घरात कोणी नळ सोडला की पंप चालू झाल्याचा आवाज ऐकू येतो. नगरपालिकेचा नळ नाही, पाणीपट्टी नाही, आणि गाळणी बदलायचे विसरले तर दोष द्यायला दुसरे कोणीही नाही.

ही व्यवस्था चालते की नाही हे छपराच्या गणितावर ठरते. १०० चौरस मीटर छपरावर वर्षाला ३,००० मिलिमीटर पाऊस पडला तर ३ लाख लिटर पाणी उतरते, म्हणजे दिवसाला ८०० लिटरहून थोडे अधिक. एक कुटुंब आरामात राहते. तेच घर २५० मिलिमीटरच्या बाजूला नेऊन ठेवले तर दिवसाला ६८ लिटर मिळतील, आणि मग टँकर आला. शिवाय गळती आणि उन्हाळ्यातील कोरडे आठवडे धरले तर खरा आकडा आणखी खाली येतो. म्हणून टाकीवर चालणारे घर पाहताना खोल्या मोजण्याआधी छप्पर आणि टाकी मोजावी. छपराचा रंग, जुने खिळे आणि सांधे यांत शिसे नाही ना हेही पाहावे लागते, कारण ज्वालामुखीच्या हवेतला पाऊस आम्लधर्मी असतो आणि तो धातू विरघळवतो. पूर्व भागात गोगलगायींमार्फत पसरणारा, मेंदूच्या आवरणाला बाधणारा कृमीचा एक आजार आढळतो, त्यामुळे गाळणी आणि टाकीचे झाकण यांत काटकसर करू नये.

सांडपाण्याचा प्रश्न याहून कमी चर्चिला जातो आणि जास्त महागात पडतो. राज्यात ८०,००० हून अधिक घरांचे सांडपाणी अजून सेसपूलमध्ये, म्हणजे प्रक्रिया न करता जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्यात जाते. २०१६ मध्ये नव्या सेसपूलवर बंदी आली आणि २०१७ च्या कायद्याने जुने सेसपूल २०५० पर्यंत बदलणे बंधनकारक केले. भूखंड लहान, जमीन खडकाळ किंवा समुद्र जवळ असेल तर हा बदल हजारो डॉलर खातो. तो खर्च विकणारा उचलणार की घेणारा, हे किमतीच्या बोलणीतच ठरले पाहिजे.

समुद्र, वारा, आग

समुद्रासमोरच्या घराचे आकर्षण मी समजू शकतो, तरी ते टाळावे असेच सांगेन. हवाईत किनारा खाजगी नसतो. लाटा जिथवर पोहोचतात तिथपर्यंतची वाळू सर्वांची असते आणि समुद्र आत सरकला की ही रेषाही आत सरकते. ओआहूच्या उत्तर किनाऱ्यावर घरांखालची वाळू वाहून जाऊन घरे कोसळली आहेत. २०२० च्या कायद्याने वाळूच्या किनाऱ्यांवर खाजगी तटबंदी घालणे जवळजवळ बंद केले, कारण भिंत एका घराला वाचवते आणि शेजारचा सगळा किनारा संपवते. २०२२ पासून समुद्रपातळीच्या वाढीने बाधित होणाऱ्या क्षेत्रात मालमत्ता येत असेल तर विकणाऱ्याने ते लेखी सांगावे लागते.

त्सुनामीचा नकाशा वेगळा असतो आणि तो प्रत्येक काउंटीकडे, म्हणजे स्थानिक प्रशासनाकडे, मोफत पाहायला मिळतो. हिलोने १९४६ आणि १९६० अशा दोन त्सुनामी सोसल्या. दुसऱ्या वेळी चिलीतील भूकंपाच्या लाटेने तिथे ६१ माणसे गेली, आणि किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात पुन्हा घरे न बांधता मोकळी मैदाने व उद्याने ठेवण्यात आली. हिलोत फिरताना ती हिरवळ कशासाठी आहे हे माहीत असलेले बरे.

चक्रीवादळे हवाईवर थेट क्वचितच येतात. पण ११ सप्टेंबर १९९२ रोजी इनीकी काउआईवरून गेले, आणि तेव्हापासून चक्रीवादळाचा विमा साध्या गृहविम्यापासून वेगळा काढावा लागतो. आगीने मात्र सर्वांनाच चकवले. ८ ऑगस्ट २०२३ रोजी माउईच्या कोरड्या बाजूवरील लाहाइना शहर जळाले, १०२ माणसे मृत्युमुखी पडली आणि २,२०० हून अधिक इमारती जळाल्या किंवा नुकसानग्रस्त झाल्या. उसाची आणि अननसाची शेती बंद पडल्यावर पडीक जमिनीवर माजलेले परदेशी गवत, कोरडा उन्हाळा आणि डोंगरावरून खाली येणारा जोराचा वारा यांचा तो मेळ होता, आणि असे गवत बेटांच्या जवळजवळ प्रत्येक कोरड्या उतारावर आहे. त्यानंतर विम्याचे हप्ते वाढले ते जळालेल्या भागापुरते राहिले नाहीत. होनोलुलूच्या उंच इमारतींतील सदनिकाधारकांनाही ते भरावे लागत आहेत. सदनिका घेताना दरमहाचा देखभाल खर्च, इमारतीचा सामायिक विमा पूर्ण रकमेचा आहे का आणि पाइप बदलण्यासारखी मोठी कामे बाकी आहेत का, हे इमारतीच्या सभांची इतिवृत्ते मागवून वाचावे. कंटाळवाणे काम आहे, पण स्वस्त वाटणाऱ्या सदनिकेचे रहस्य बहुधा त्याच पानांत असते.

रस्ता एकच असतो

बेटावर वळसा घालायला दुसरा रस्ता नसतो ही गोष्ट नकाशावर जाणवत नाही. काउआईच्या उत्तर टोकाकडे जाणारा कुहिओ महामार्ग हानालेई नदीवरच्या एका अरुंद पुलावरून जातो आणि नदी चढली की पूल बंद होतो. १४ आणि १५ एप्रिल २०१८ रोजी तिथल्या वाइपा येथे २४ तासांत १,२६२ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला, जो अमेरिकेतील विक्रम ठरला. दरडी कोसळून पुढच्या गावांचा रस्ता तुटला आणि सर्वसामान्य वाहतुकीसाठी तो खुला व्हायला २०१९ चा जून उजाडला. वर्षभर तिथले रहिवासी ठरावीक वेळी निघणाऱ्या वाहनांच्या ताफ्यातून ये-जा करत होते. ओआहूचा वाइआनाए किनारा आणि माउईचे हाना ही गावेही अशीच एका रस्त्याच्या टोकाला लटकलेली आहेत.

बेटाबेटांतील प्रवास जवळजवळ पूर्णपणे विमानाने होतो. माउई आणि लानाई यांच्यात तेवढी प्रवासी बोट आहे. गुंतागुंतीच्या उपचारांसाठी इतर बेटांवरून होनोलुलूला न्यावे लागणे ही तिथे नेहमीची बाब आहे. साठीच्या पुढच्या जोडप्याने घरापासून समुद्र किती मिनिटांवर आहे हे मोजण्याआधी रुग्णालय आणि विमानतळ किती मिनिटांवर आहेत हे मोजावे, हे मला फार कळकळीने सांगावेसे वाटते.

जमीन कोणाची

आता कागदांकडे. हवाईत घर विकत घेतले म्हणजे खालची जमीन घेतलीच असे नाही. १८४८ मध्ये राजा तिसरा कामेहामेहा याच्या काळात ‘माहेले’ नावाची जमीनवाटणी झाली, जमिनीवर खाजगी मालकी आली आणि पुढच्या शतकात ती थोड्या हातांत साठत गेली. १९६० च्या दशकात राज्यातील ४७ टक्के जमीन केवळ ७२ खाजगी मालकांकडे होती आणि ४९ टक्के सरकारांकडे. हे मोठे मालक जमीन विकत नसत, दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देत. लोक पट्ट्याच्या जमिनीवर स्वतःचे घर बांधत. १९६७ च्या जमीन सुधारणा कायद्याने अशा घरमालकांना जमीन विकत घेण्याचा मार्ग दिला आणि १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला.

स्वतंत्र घरांचा प्रश्न त्यामुळे बराच सुटला, पण सदनिकांच्या बाबतीत पट्टा अजून जिवंत आहे, विशेषतः वाइकीकी परिसरात. जाहिरातीत ‘फी सिंपल’ असेल तर जमिनीतील हिस्सा आपला. ‘लीजहोल्ड’ असेल तर आपण पट्ट्याची उरलेली वर्षे विकत घेत आहोत. शेजारच्या सदनिकेच्या निम्म्या किमतीत समुद्र दिसणारी खोली मिळते तेव्हा पट्टा कधी संपतो, भुईभाडे कोणत्या वर्षी नव्याने ठरणार आणि मुदत संपल्यावर सदनिका रिकामी करून द्यायची आहे का, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. मुदत जसजशी जवळ येते तसतसे कर्ज मिळणे थांबते आणि किंमत उतरत जाते.

मूळ हवाईयन लोकांसाठी १९२१ च्या कायद्याने राखून ठेवलेल्या जमिनी वेगळ्या आहेत. त्या वर्षाला एक डॉलर भाड्याने ९९ वर्षांच्या पट्ट्यावर, निदान निम्मा हवाईयन वंश असलेल्यांनाच मिळतात. बाहेरच्याने त्या बाजारात शोधू नयेत. जुन्या ग्रामीण भूखंडांत कधी कधी मधोमध ‘कुलेआना’ म्हणजे १८५० च्या कायद्याने सामान्य रयतेला मिळालेला तुकडा असतो, त्याच्या वारसांना येण्याजाण्याचा हक्क असतो, आणि तो हक्क कुंपण घालून संपत नाही. शेतजमीन या वर्गात मोडणाऱ्या भूखंडावर घर बांधताना ते शेतीशी निगडित असावे अशी कायद्याची अपेक्षा असते. राज्यातील जेमतेम ५ टक्के जमीन नागरी वर्गात आहे, त्यामुळे स्वस्तात दिसणारी मोकळी जागा बहुधा या इतर वर्गांतली असते.

घर काही महिने वापरून उरलेला काळ पर्यटकांना भाड्याने देण्याचा बेत अनेकांच्या मनात असतो. त्या उत्पन्नावर खरेदीचे गणित मांडू नये. ३० दिवसांहून कमी मुदतीची भाडी प्रत्येक काउंटीत ठरावीक भागांपुरतीच चालतात, २०२४ च्या राज्य कायद्याने काउंट्यांना ती कमी करण्याचा स्पष्ट अधिकार दिला आहे, आणि लाहाइनानंतर स्थानिकांना राहायला घरे नाहीत हा तिथला सर्वांत तापलेला विषय आहे. मालमत्ता करही मालक स्वतः राहतो की नाही यावर बदलतो. होनोलुलूत राहत्या घराला हजार डॉलरमागे साडेतीन डॉलर पडतात, न राहणाऱ्याच्या महागड्या घराला बरेच अधिक. परदेशी नागरिकाने घर घेतले तरी त्यामुळे अमेरिकेत राहण्याचा परवाना मिळत नाही, हेही इथेच सांगून टाकतो.

बेटांकडे परत

राज्याचे सुमारे ७० टक्के लोक ओआहूवर राहतात. नोकऱ्या, मोठी रुग्णालये, विद्यापीठ आणि गर्दी तिथेच. स्वतंत्र घराची मध्यम किंमत तिथे २०२१ मध्येच दहा लाख डॉलरपलीकडे गेली. पश्चिमेच्या कापोलेईत घर तुलनेने नवे आणि मोठे मिळते, पण सकाळी शहराकडे जाणारा महामार्ग माणसाची परीक्षा पाहतो; २०२३ मध्ये सुरू झालेली स्कायलाइन रेल्वे तिथे हळूहळू उपयोगी पडू लागली आहे. माउई आणि काउआई लहान, देखणी आणि ओआहूइतकीच किंवा अधिक महाग आहेत. बिग आयलंडवर किंमत साधारण निम्मी, अंतरे मोठी, आणि ती निम्मी का आहे याची बरीचशी उत्तरे वर येऊन गेली.

कोणतेही बेट ठरवले तरी खरेदीआधी तिथे भाड्याने राहावे, आणि त्यात नोव्हेंबर ते एप्रिल हा ‘होओइलो’ म्हणजे ओला काळ यायला हवा. जाहिरातीतली छायाचित्रे जुलैतली असतात. दिवसा शांत वाटलेले हिलो-पुनाचे घर सूर्यास्तानंतर पुन्हा पाहावे : रोपवाटिकांच्या कुंड्यांतून पोर्टोरिकोहून आलेले नखाएवढे कोकी बेडूक अंधार पडताच एकेक करून ‘को-की’ असे ओरडू लागतात आणि अर्ध्या तासात अंगणात बोलणे अवघड होते. काहींना त्या आवाजात गाढ झोप लागते, काही जण दुसऱ्या सकाळी दलालाला फोन करतात. घर पसंत पडले आणि बोलणी झाली की विकणाऱ्याने दोषांचे लेखी निवेदन द्यायचे असते, आणि ते हाती आल्यापासून व्यवहार मागे घेण्यासाठी १५ दिवस मिळतात. त्या १५ दिवसांत सेसपूल की सेप्टिक टाकी, लाव्ह्याचा विभाग, त्सुनामीचा पट्टा आणि जमिनीचा हक्क या रकाने भरलेल्या ओळी वाचाव्यात, विमा एजंटकडून हप्त्याचा आकडा लेखी घ्यावा, आणि एका पावसाळी दुपारी पुन्हा त्या घरी जाऊन पन्हळीतून उतरणारे पाणी कुठे जाते ते उभे राहून पाहावे.